वाढीव वॉरंटी : काय मिळते त्याआधी काय वगळले आहे ते वाचावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घरी यावी म्हणून माझ्या मुलीने महिनाभर आधी नोंदणी केली. शोरूममध्ये तिच्या हाती जे कोटेशन पडले त्यात एक्स-शोरूम किंमत, आरटीओचा कर, विमा, फास्टॅग, ‘बेसिक किट’ या नावाखाली मॅट व सीट कव्हर आणि त्याच रांगेत ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ (गाडीची मूळ हमी संपल्यानंतरच्या काळासाठी वेगळे पैसे भरून घ्यायची वाढीव हमी) अशा सगळ्या रकमा मिळवून खाली एकच ‘ऑन-रोड’ आकडा लिहिलेला होता. वॉरंटीच्या अटींची पुस्तिका तिने मागितली, तेव्हा ती गाडीबरोबर मिळेल असे उत्तर आले. म्हणजे पैसे आधी आणि अटी नंतर. एस.टी.च्या कार्यशाळेत तीस वर्षे इंजिने उघडण्यात गेल्यामुळे मला या विषयात थोडे समजते. ते इतर ग्राहकांच्या उपयोगी पडावे म्हणून हा पत्रप्रपंच.

वाढीव वॉरंटी घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. आजच्या गाड्यांत टर्बोचार्जर, इंजेक्टर, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि जागोजागी बसवलेले इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट असे भाग आहेत की ते दुरुस्त करण्यापेक्षा सरळ बदलले जातात, आणि बदलण्याचा खर्च मध्यमवर्गीयाला जड जातो. दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा टर्बो इंजिन असलेली गाडी पाच-सहा वर्षे ठेवायची असेल, तर वाढीव वॉरंटी घेणे शहाणपणाचे आहे. साधे पेट्रोल इंजिन आणि हाताने बदलायचे गिअर असलेली गाडी चार वर्षांत विकण्याचा विचार असेल, तर मात्र त्या पैशांचा उपयोग चांगले टायर घेण्यासाठी केलेला बरा.

निवड करताना आपण वर्षे मोजतो आणि किलोमीटर विसरतो, हा मला सर्वत्र दिसणारा घोटाळा आहे. बहुतेक वॉरंटींत ‘इतकी वर्षे किंवा इतके किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते’ अशी अट असते. उदाहरणच द्यायचे तर मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये आपली मूळ वॉरंटी २ वर्षे वा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षे वा १ लाख किलोमीटर केली आणि वाढीव वॉरंटीची कमाल मर्यादा ६ वर्षे वा १ लाख ६० हजार किलोमीटर ठेवली. आता साताऱ्याहून कराडला रोज नोकरीसाठी जाऊन येणाऱ्या आणि महिन्याला अडीच हजार किलोमीटर गाडी चालवणाऱ्या माणसाचे वर्षाला ३०,००० किलोमीटर होतात. त्याची सहा वर्षांची वॉरंटी सुमारे पाच वर्षे चार महिन्यांतच संपणार. उलट माझ्यासारख्या निवृत्त माणसाची गाडी महिन्याला चारशे किलोमीटर चालली, तर सहा वर्षांत तिचे २९,००० किलोमीटरही होत नाहीत. त्याला किलोमीटरची मर्यादा वाढवून काहीच मिळत नाही, वर्षे तेवढी उपयोगाची. म्हणून आपल्या जुन्या गाडीचे गेल्या दोन-तीन वर्षांचे सर्व्हिसिंगचे कागद काढून स्वतःचे वार्षिक किलोमीटर आधी काढावेत आणि मगच योजना ठरवावी.

कमी गाडी चालवणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे. सर्व्हिसिंगची अटही बहुधा ‘१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष’ अशीच असते. गाडी फिरलीच नाही तर सर्व्हिसिंग कशाला, असे म्हणून ज्येष्ठ नागरिक ते पुढे ढकलतात आणि चौथ्या-पाचव्या वर्षी क्लेम मागायला गेले की मधले एक वर्ष चुकल्याचे बोट दाखवून त्यांना परत पाठवले जाते.

पुस्तिकेतील खरे वाचण्यासारखे पान म्हणजे वगळलेल्या गोष्टींचे. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, टायर, बल्ब, बहुतेक रबरी भाग हे झिजणारे म्हणून वॉरंटीबाहेर असतात. बारा व्होल्टच्या बॅटरीची आणि टायरची हमी त्या त्या उत्पादकाची वेगळी असते. पुराच्या पाण्यात इंजिन बंद पडले, उंदरांनी वायरी कुरतडल्या, अपघात झाला, तर वॉरंटीचा काही उपयोग नाही. पाण्यासाठी विम्यातील इंजिन संरक्षणाचे जोडकलम लागते, आणि विमा व वॉरंटी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत हे शोरूममध्ये कोणी समजावत बसत नाही. बाहेरून सीएनजी किट बसवले की इंजिनाची वॉरंटी बहुधा संपलीच असे धरावे. सीएनजीवर चालवायची असेल तर कंपनीने बसवलेले किट असलेली गाडीच घ्यावी. विजेवरील गाड्यांत बॅटरीला अनेक कंपन्या मुळातच ८ वर्षे वा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी देतात. तेव्हा वाढीव वॉरंटीचे वेगळे पैसे मोटर, कंट्रोलर आणि चार्जर यांच्यासाठी आहेत की आधीच मिळालेल्या हमीसाठी, हे विचारून घ्यावे.

बाहेरच्या जोडणीवरून किती वाद होतो याचा अनुभव आमच्याच घरी आला. पुतण्याच्या गाडीचे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे, काचा, कुलुपे यांचे काम सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक युनिट, चौथ्या वर्षी बिघडले. फॉग लॅम्पसाठी मूळ वायरिंग कापल्याचे कारण देऊन सर्व्हिस सेंटरने क्लेम नाकारला. ते फॉग लॅम्प त्याच डीलरच्या अॅक्सेसरी काउंटरवर, गाडी घेतली त्या दिवशीच बसवलेले होते. सुदैवाने वहिनींना प्रत्येक कागद जपून ठेवण्याची सवय आहे. ते बिल टेबलावर ठेवल्यावर दोन दिवसांत मॉड्यूल बदलून मिळाले. बिल नसते तर पुतण्याचे म्हणणे कोणी ऐकून घेतले असते असे मला वाटत नाही.

बाहेरच्या गॅरेजमध्ये दुरुस्ती केली म्हणून संपूर्ण वॉरंटी रद्द करण्याच्या प्रथेविषयी भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात स्पष्ट भूमिका घेतली होती. अशी सरसकट अट घालू नये आणि चुकीच्या दुरुस्तीमुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी, असे आयोगाने म्हटले. तो आदेश पुढे अपिलांच्या फेऱ्यात सापडला. त्यामुळे त्याच्या भरवशावर राहून गल्लीतल्या गॅरेजमध्ये तेल बदलण्याचा सल्ला मी देणार नाही. वॉरंटीच्या काळात अधिकृत केंद्रच बरे. मात्र गॅरेजमध्ये टायर बदलले म्हणून स्टिअरिंगचा क्लेम नाकारला जात असेल, तर ग्राहकाने गप्प बसू नये.

वॉरंटी देणारा कोण, हेही पाहावे. कंपनीची वॉरंटी कोकणात किंवा गोव्यात गाडी बंद पडली तरी तिथल्या अधिकृत केंद्रात चालते. डीलरने स्वतःच्या नावाने किंवा तिसऱ्या संस्थेमार्फत दिलेली योजना स्वस्त असते, पण ती कुठे चालते, आधी खिशातून पैसे भरून नंतर परतावा घ्यायचा का आणि डीलरशिप बंद पडली तर जबाबदार कोण, याची उत्तरे लेखी घ्यावीत. पावतीवर समाधान मानू नये. चॅसिस क्रमांक असलेले प्रमाणपत्र मागावे आणि कंपनीच्या अॅपवर त्याची नोंद दिसते का ते आठवड्याभरात तपासावे. गाडी विकताना ही वॉरंटी नव्या मालकाच्या नावे होते का, हेही विचारावे, कारण झाली तर गाडीला दोन पैसे जास्त येतात.

ही रक्कम कर्जात घालण्याची पद्धत मला विशेष खटकते. समजा वाढीव वॉरंटीचे २५,००० रुपये झाले आणि ते ९ टक्क्यांच्या सात वर्षांच्या कर्जात मिसळले, तर त्यावर सुमारे ८,८०० रुपये व्याज जाते. आणि मूळ वॉरंटी तीन वर्षांची असेल तर पहिली तीन वर्षे आपण अद्याप सुरूच न झालेल्या सेवेचे व्याज भरत असतो. बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी संपण्यापूर्वी केव्हाही वाढीव वॉरंटी घेऊ देतात. उशीर केल्यास दर वाढतो हे खरे, पण ती वाढ आणि हे व्याज यांची कागदावर तुलना करूनच ठरवावे. शोरूममधील माणूस ‘आजच घेतली तरच’ म्हणतो, तेव्हा त्या वाक्यालाही लेखी आधार मागावा.

एक वस्तू देण्यासाठी दुसरी वस्तू वा सेवा घेण्याची सक्ती करणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार निर्बंधात्मक व्यापार पद्धत आहे. वॉरंटी घेतल्याशिवाय गाडी लवकर मिळणार नाही असे कोणी सांगितल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते आणि वस्तू वा सेवेसाठी आपण मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी ग्राहकाला न विचारता त्याच्या ऑनलाइन खरेदीत जादा सेवा सरकवण्यास मनाई केली आहे. तोच न्याय शोरूमच्या काउंटरलाही लावावा, आणि वगळलेल्या भागांची मराठीतील यादी कोटेशनलाच जोडून तिच्यावर ग्राहकाची सही घेणे डीलरांना बंधनकारक करावे, अशी माझी ग्राहक संरक्षण खात्याला विनंती आहे. मुलीने वॉरंटीची ओळ कोटेशनमधून तूर्त काढायला लावली आहे. पुस्तिका हाती आली की ती वाचून, मूळ वॉरंटी संपण्याआधी, आम्ही काय ते ठरवू.

आपला नम्र,
एक निवृत्त एस.टी. कर्मचारी, सातारा