उजेड देणारा दिवाही निकामी झालेला असू शकतो, हे जाणणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

तुमचे नाव कुठेही येऊ नये, असे तुम्ही बजावून सांगितले आहे. ते पाळूनच हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे. तुमचे आभार खासगीत मानले असते तर तुम्ही ते दोन शब्दांत झटकून विषय बदलला असता, हे आता मला अनुभवाने ठाऊक झाले आहे.

उत्पन्न आटले त्या काळात माझ्याकडचे मकाव व आफ्रिकन ग्रे जातींचे पोपट, इग्वाना हे मोठे सरडे, सुलकाटा जातीची कासवे आणि बॉल पायथन जातीचे अजगर यांचा खर्च मात्र एका दिवसासाठीही थांबणार नव्हता. हे सगळे प्राणी बंदिवासात जन्मलेले, कागदपत्रांसह नोंदलेले. त्यांना रानात सोडणे म्हणजे त्यांनाही मारणे आणि त्या रानाचेही नुकसान करणे. मोठे मकाव पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक जगू शकतात, सुलकाटा कासव तर पाळणाऱ्याच्या मागेही राहू शकते. इतक्या लांब पल्ल्याची जबाबदारी एका वाईट वर्षापायी मोडीत काढता येत नाही, एवढी साधी गोष्ट लोकांना समजावताना माझी दमछाक झाली.

एप्रिल 2020 मध्ये जर्मनीतील नॉयम्युन्स्टरच्या प्राणिसंग्रहालयाने, अगदीच वेळ आली तर कोणते प्राणी आधी मारावे लागतील याची यादी करून ठेवल्याचे जाहीर केले, तेव्हा जगभर हळहळ व्यक्त झाली होती. खासगी संग्रह चालवणाऱ्याला अशी यादी करण्याचा सल्ला मात्र लोक अगदी सहज देतात. माझे पोपट बोलत होते तोवर त्यांची छायाचित्रे हौसेने मागून नेणाऱ्यांनी मला ‘हौसेला मोल नसते’ हे सुनावले. एका प्राणिप्रेमी संस्थेने सहानुभूतीचे लांबलचक पत्र पाठवले आणि त्यात मदतीचा उल्लेख सफाईने टाळला. एका गृहस्थांनी तर मकावच्या जोडीतला एकच पक्षी विकत मागितला, तोही पडेल त्या किमतीला. वर्षानुवर्षे एकत्र राहिलेली जोडी फोडली की मागे राहिलेला पक्षी स्वतःचीच पिसे उपटू लागण्याची भीती असते, हे त्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले की पिसे पुन्हा येतात. (ती दरवेळी येतातच असे नाही, सतत उपटल्याने पिसांची मुळे कायमची निकामी होऊ शकतात. पण तो वाद घालण्याचे त्राण तेव्हा माझ्यात नव्हते.)

अशा वेळी तुमचा फोन आला. आपली ओळख जेमतेम होती. ‘इतके प्राणी पाळलेच कशाला’ हा प्रश्न ऐकण्याच्या तयारीनेच मी बोलू लागलो आणि तुम्ही विचारलेत, ‘इग्वानाच्या उन्हाच्या जागी तापमान किती ठेवता, आणि दिव्यांच्या नळ्या कधी बदलल्यात?’ खाद्याचे आणि विजेचे पैसे तुम्ही त्यानंतर नियमित देत राहिलात. त्या रकमेचे ऋण मोठेच आहे. तरीही मनात घर करून राहिले आहे ते तुम्ही पाठवलेले दिव्यांचे खोके.

यूव्हीबी नळीचा उजेड डोळ्यांना पूर्वीसारखाच दिसत राहतो, पण तिच्यातील अतिनील किरणे कमी होत जातात, म्हणून प्रकारानुसार सहा ते बारा महिन्यांत ती बदलावी लागते. ती बदलली नाही तर इग्वाना आणि कासवांच्या शरीरात ड-३ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडे मऊ पडतात, जबडा दबतो, पाय वाकतात. पैसे कमी पडले की पाळणारा खाद्याला हात लावत नाही, कारण उपाशी प्राणी दिसतो. दिव्याचा खर्च मात्र पुढे ढकलला जातो, कारण दिवा तर जळत असतो. मदतीसाठी ज्यांच्याकडे गेलो त्या प्रत्येकाने मला हेच ऐकवले होते: दिवे आहेत की तुमच्याकडे! तुम्ही पाठवलेल्या प्रत्येक नळीला मात्र तुमच्या अक्षरातली चिठ्ठी होती. तिच्यावर कोणत्या प्राण्याच्या घरासाठी ते लिहिलेले, लावल्याच्या तारखेसाठी जागा कोरी सोडलेली आणि खाली एक ओळ: ‘काचेआड लावू नये.’ साधी काच हे किरण जवळजवळ सगळेच अडवते, हे ज्याने स्वतः सरडे सांभाळले आहेत त्यालाच सुचणार. बॉल पायथनसाठी तुम्ही दिवा न पाठवता उबेच्या गादीचा थर्मोस्टॅट पाठवलात. निरोगी, मोठा पायथन काही महिने न खाता राहू शकतो. ऊब गेली तर खाल्लेलेही पचत नाही आणि श्वसनाचा आजार जडण्याचा धोका वाढतो. कोणाला काय हवे याचा इतका बारकाईने विचार झालेला पाहून मी ते खोके पुढ्यात घेऊन बराच वेळ नुसता बसून राहिलो.

दानशूर माणसे पुष्कळ असतात, आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण घेणाऱ्याला आपल्या आवडीबद्दल लाज वाटू न देता देणारी माणसे विरळा. तुम्ही माझा संग्रह वाचवलात असे लोक म्हणतात. मी म्हणेन की तुम्ही त्याला चैन न मानता सांभाळ मानलेत, आणि तो सांभाळ मला एकट्याला झेपेनासा झाला तेव्हा त्यातला वाटा उचललात.

आता उत्पन्न पुन्हा सुरू झाले आहे आणि खाद्याचा खर्च मला पेलतो. विजेचा भार मात्र थंडी संपेपर्यंत तुमच्याकडूनच घेईन, आढेवेढे घेणार नाही. त्यानंतर ती रक्कम दुसऱ्या एका पाळणाऱ्याकडे वळवावी, अशी विनंती आहे. त्याच्याकडे लोकांनी आणून सोडलेली कासवे आहेत आणि दिवे जुने आहेत. तुमचा क्रमांक मी त्याला दिलेला नाही. तुम्ही होकार कळवलात की देतो.

आपला ऋणी,
एक प्राणिपालक