बाबा, विम्याच्या कागदावर सही करण्याआधी

पुणे

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

शोरूमच्या कोटेशनचा फोटो मिळाला. गाडीच्या किमतीबद्दल माझं काही म्हणणं नाही, बाबांनी घासाघीस चांगली केलीय. पण विम्याच्या रकान्यात ‘ॲड-ऑन पॅकेज’ (मूळ विम्यावर जादा पैसे भरून घ्यायची कलमं) म्हणून एकच रक्कम टाकलीय आणि त्यात काय काय आहे ते खाली बारीक अक्षरांत. फोनवर बोलले तर निम्मं राहून जाईल म्हणून लिहून पाठवतेय.

बाबा, तुम्ही म्हणालात, “वरचं सगळं काढून टाकू, विम्याचं काही खरं नसतं.” हे कुठून आलं ते मला कळतं. सोयाबीन डोळ्यांदेखत पाण्यात गेलं आणि पीक विम्याची वाट बघण्यात किती महिने गेले, ते मीही पाहिलंय. पण या दोन विम्यांची रीत वेगळी आहे. पीक विम्याचा हिशेब मुख्यतः अख्ख्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर बसतो, आपल्या एकट्याच्या रानावर नाही. गाडीचं तसं नाही. तुमची गाडी, तिचंच नुकसान, ते बघायला माणूस येणार आणि पॉलिसीत लिहिलंय तेवढं मिळणार. म्हणून पॉलिसीत काय लिहून घेतो त्यालाच सगळी किंमत.

थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, तो तर कायद्यानंच घ्यावा लागतो, नव्या गाडीला एकदम ३ वर्षांचा. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग वर्षावर्षाला नवा करायचा. या दुसऱ्या भागात अपघात, चोरी, आग, पूर हे सगळं येतं. मग ॲड-ऑन कशाला, असं वाटेल. तर ऐका.

गाडी घासली, बंपर फुटला, की बिल पास करताना कंपनी घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची घट, कापते. प्लास्टिक, रबर, बॅटरी यांवर थेट ५० टक्के, आणि तेही गाडी नवी कोरी असली तरी. पत्र्याच्या भागांवर पहिले ६ महिने काही कापत नाहीत, पुढे वयाप्रमाणे वाढवत जातात. काचेवर कपात नाही. समजा बंपरचं बिल वीस हजार झालं, तर दहा हजार तुमच्या खिशातून, वर प्रत्येक क्लेमला द्यावे लागतात ते हजार रुपये (१५०० सीसीपर्यंतच्या गाडीला) वेगळेच. ‘झीरो डेप’ (डेप म्हणजे घसारा) घेतलं की ही घसाऱ्याची कापाकापी थांबते, मुख्यतः ते हजार रुपयेच उरतात. आजकालच्या गाड्यांचा पुढचा-मागचा भाग बहुतेक प्लास्टिकचाच असतो आणि आपल्या रस्त्यावर रात्री रोही नाहीतर रानडुक्कर आडवं येतं. म्हणून झीरो डेप घ्याच. वर्षात किती क्लेम चालतील तेवढं विचारून घ्या, काही कंपन्या दोनच देतात.

दुसरं, इंजिन प्रोटेक्ट. हे पुण्यात कुणी विचारलं असतं तर मी त्याला त्याची सोसायटी उंचावर आहे का विचारलं असतं. तुम्हाला विचारायची गरज नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा, तेरणा, सीना सगळ्याच नद्यांनी काय केलं ते तुमच्यासमोर आहे, आणि औशाकडून घरी यायला तोच ओढा ओलांडावा लागतो. साध्या पॉलिसीत पूर असला तरी एक मेख आहे. पाणी शिरलं आणि त्या अवस्थेत गाडी सुरू केली, तर पाणी इंजिनात ओढलं जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे आतला कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी इंजिनच फुटतं. कंपनी म्हणते हे पुरानं झालेलं नाही, चावी फिरवल्यामुळे झालं, आणि हात वर करते. इंजिनचं काम लाखाच्या घरात जातं. या नुकसानीसाठी हे ॲड-ऑन आहे. ते घेतलं तरी पाण्यात बंद पडलेली गाडी परत सुरू करून बघू नका, त्यावरूनही क्लेम नाकारू शकतात. गाडी ढकलून नाहीतर ओढून बाहेर काढायची आणि गॅरेजला फोन. आणि ओढ्याला पाणी असेल तर औशातच मावशीकडे राहा बाबा, हे मी विम्यासाठी सांगत नाही.

‘रिटर्न टू इनव्हॉइस’वर माझं मन अजून डगमगतंय. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर कंपनी गाडी संपली असं धरून तेवढीच विमा रक्कम देते; तिला आयडीव्ही म्हणतात, म्हणजे घसारा वजा करून धरलेली गाडीची किंमत. गाडी आठ लाखांची धरली तर पहिल्याच दिवशी आयडीव्ही ७ लाख ६० हजार, आणि आरटीओला भरलेला ११ टक्के कर (पेट्रोल गाडीचा), म्हणजे ८८ हजार, तो गेलाच. दुसऱ्या वर्षी आयडीव्ही ६ लाख ४० हजारांवर येते. हे ॲड-ऑन ती तफावत भरून देतं. गाडी वाड्याच्या आत उभी राहते, चोरीची भीती कमी. पण पैसा फंडाचा आहे आणि पुन्हा तेवढा उभा राहणार नाही. दीड-दोन हजारांत बसत असेल तर पहिली ३ वर्षं घ्या, त्याहून जास्त मागितले तर सोडा.

बाकीचं काढून टाकायला सांगा. चावी हरवली तर, सामान चोरीला गेलं तर, टायर फुटला तर, हे सगळे खर्च आपण सोसू शकतो. जो फटका आपल्याला सोसवतो त्याचा हप्ता कशाला भरायचा? रस्त्यावरची मदत गाडीच्या कंपनीकडून पहिली काही वर्षं मिळते का ते बघा, मिळत असेल तर तेही दुबार नको. कन्झ्युमेबल्स, म्हणजे ऑइल, कूलंट, नट-बोल्ट, ते स्वस्त असेल तर राहू द्या.

एवढ्या यादीत एक गोष्ट कुणी घातलेली नाही, आणि मला सगळ्यात तीच लागली. बाबांसाठी १५ लाखांचा अपघात विमा आहे, कारण गाडी त्यांच्या नावावर आणि चालवणारेही तेच. शेजारी बसणाऱ्या आईसाठी त्यात एक रुपया नाही. प्रवाशांचा अपघात विमा वेगळा मागावा लागतो, सीटमागे २ लाखांपर्यंत मिळतो आणि हप्ता अगदी किरकोळ असतो. चावीचा विमा लावलाय आणि आईच्या सीटचा नाही! तो लिहूनच घ्या. आई, बाबा विसरले तर तू आठवण कर.

आता पैसे वाचवायचं. जुन्या गाडीवर तुम्ही इतकी वर्षं एकही क्लेम घेतलेला नाही. तिची पॉलिसी पूर्ण होती, नुसती थर्ड पार्टी नव्हती. म्हणजे नो क्लेम बोनस, क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्क्यांवर पोचलेला असणार. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकल्यावर जुन्या कंपनीकडून बोनसचं पत्र घ्या, ते ३ वर्षं चालतं. नव्या पॉलिसीत आपल्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता त्यानं निम्म्यावर येईल. कोटेशनवर बोनस शून्य दाखवलाय. आणि विमा शोरूममधूनच घ्या अशी सक्ती कुणालाही करता येत नाही. गाडी मिळायला उशीर होईल असं म्हणाले तर लेखी मागा. लातूरला दुसऱ्या एका एजंटकडून ह्याच तीन-चार गोष्टींचं कोटेशन काढा आणि दोन्ही मला पाठवा.

बाबा, परवान्याची मुदतही बघून ठेवा. पंचावन्नच्या पुढे तो ५ वर्षांचाच मिळतो, आणि मुदत संपलेल्या परवान्यावर अपघात झाला तर क्लेम अडतो. डॉक्टरांचा दाखला लागेल, तो आत्ताच काढून ठेवा.

पैसे भरायच्या आधी पॉलिसीचा मसुदा मागून घ्या. मी रविवारी सकाळी फोन करते, तेव्हा ओळ न् ओळ एकत्र वाचू.

तुमची,
ताई