कथेचे तुकडे गटांत वाटू नका

संपादक महोदय,

माध्यमिक वर्गांत इंग्रजीची लघुकथा गटांत शिकवायची म्हटली की एक ठरलेला साचा दिसतो. एका गटाला पात्रे, दुसऱ्याला वातावरण, तिसऱ्याला कथानक आणि चौथ्याला ‘थीम’. तासाअखेरीस भिंतीवर चार रंगीत तक्ते लागतात. पण अख्खी कथा कोणीच वाचलेली नसते. पात्रांच्या गटाने संवाद चाळलेले असतात, वातावरणाच्या गटाने पहिला परिच्छेद. वाटून घेता येईल असे काम दिले तर मुले ते वाटून घेणारच. खोट प्रश्नात आहे.

वाटणीची पद्धत मुळात टाकाऊ नाही. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिनमध्ये ‘जिगसॉ’ पद्धत आणली (धड्याचा एकेक भाग एकेका मुलाने शिकून गटातल्या इतरांना शिकवायचा), ती अशाच वाटणीवर उभी आहे. माहितीपर धड्याला ती चालते, कारण तिथे प्रत्येक तुकडा आपापल्या जागी समजतो. कथेत शेवटची ओळ वाचल्यावर पहिल्या परिच्छेदाचा अर्थ फिरतो. तिचे तुकडे केले की नेमके हेच हातातून निसटते. कथानकाचा ‘पिरॅमिड’, म्हणजे चढ, कळस आणि उतार दाखवणारी आकृती, भरून घेण्याचेही तसेच. जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग यांनी १८६३ मध्ये तो मांडला तो पाच अंकी नाटकासाठी; दोन पानांच्या कथेला तो अनेकदा ओढूनताणून बसवावा लागतो.

त्याऐवजी सगळ्या गटांना एकच प्रश्न द्यावा: कथा कोणत्या वाक्यापाशी वळते? एकच वाक्य निवडा, ओळीचा क्रमांक सांगा आणि त्याच्या आधीचे किंवा नंतरचे वाक्य का नाही, तेही सांगा. हा प्रश्न वाटून घेता येत नाही. कथा हजार-दीड हजार शब्दांची असावी, प्रतीवर दर पाचव्या ओळीला क्रमांक असावा आणि ती आदल्या दिवशी वाचून झालेली असावी.

पंचेचाळीस मिनिटांच्या तासात पहिली सात मिनिटे प्रत्येकाने वहीत एकट्याने लिहायचे, बोलणे बंद. वेळ कमी पडला की हीच सात मिनिटे कापली जातात आणि तिथेच तास बिघडतो. ज्याचे इंग्रजी सफाईदार तो आधी बोलतो, बाकीचे मान डोलावतात. वहीत काही लिहिलेले असेल तर अबोल मुलालाही निदान ते वाचून दाखवता येते. मग पंधरा मिनिटे चौघांची चर्चा. गटात पाच झाले की एक जण हमखास बाहेर पडतो. चर्चा मातृभाषेत झाली तर बिघडत नाही; निवडलेले वाक्य आणि शेवटचे लेखन मात्र इंग्रजीत हवे.

चर्चेत मुले विशेषणांवर थांबतात. समजा, कथेतली मुलगी वडिलांना ‘आय ॲम फाइन’ म्हणते आणि त्यांचे बोलणे संपायच्या आत खिडकी लावून घेते. मुले लिहितात, ‘ती दुःखी आहे.’ शिक्षकाने एवढेच विचारावे, ‘कोणत्या शब्दावरून?’ शोधता शोधता बोट ‘संपायच्या आत’वर येते. मग कोणी म्हणते, दुःखी नाही, चिडली आहे. आता विश्लेषण सुरू झाले. अशा वेळी शिक्षकाने तिथून हलावे. तो गटाजवळ रेंगाळला की मुले एकमेकांशी बोलायचे सोडून त्याच्याशी बोलू लागतात.

सादरीकरण मात्र टाळावे. अठ्ठेचाळीस मुलांचे बारा गट होतात. प्रत्येकाला तीन मिनिटे दिली तरी छत्तीस मिनिटे गेली, आणि चौथ्या गटानंतर ऐकते कोण? प्रत्येक गटाने फळ्यावर फक्त ओळीचा क्रमांक लिहावा. सात गटांनी ६२ लिहिले, तिघांनी ४० आणि दोघांनी ७१, तर बोलायचे ते या फरकावर. ४० वाल्यांनी ६२ वाल्यांना पटवून बघावे. पंधरा मिनिटे त्यात सहज जातात. सगळ्यांचा क्रमांक एकच आला तर कथा फार सोपी होती किंवा गाइडमध्ये उत्तर होते. दुसरीच शक्यता जास्त.

उरलेल्या आठ मिनिटांत प्रत्येकाने स्वतंत्र परिच्छेद लिहावा: माझे पहिले वाक्य कोणते होते, ते बदलले का, कशामुळे. गुण द्यायचे ते या परिच्छेदाला. अख्ख्या गटाला सरसकट दहापैकी आठ देण्याची पद्धत शाळांनी बंद करावी. त्यात न वाचणारा तरून जातो आणि राबणारा पुढच्या वेळी गटच नको म्हणतो. गटासाठी गुण ठेवायचेच असतील तर दहापैकी दोन पुरेत, आणि तेही चौघांच्या वह्यांत सुरुवातीचे एकट्याने केलेले लेखन असेल तरच.

– इंग्रजी विषयाचे काही माध्यमिक शिक्षक