घाटातल्या ओल्या कातळावर कोणी राहते

माननीय संपादक महोदय,

पावसाळा लागला की घाटातील धबधबे, तिथली गर्दी आणि कोसळलेल्या दरडी यांच्या बातम्या आपल्या दैनिकात येतात. त्यांत कधीच न येणाऱ्या एका रहिवाशाविषयी हे पत्र लिहीत आहे.

सह्याद्रीच्या मुंबई ते महाबळेश्वर या पट्ट्यात, पाणी झिरपणाऱ्या उभ्या कातळांवर क्रेम्नोकाँकस या वंशाच्या गोगलगायी राहतात. शंख जेमतेम करंगळीच्या नखाएवढा आणि रंग कातळासारखाच, त्यामुळे शेवाळाजवळ तोंड नेऊन पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. तिचे बाकीचे भाऊबंद समुद्रकाठच्या खडकांवर भरती-ओहोटीच्या पाण्यात राहतात. त्या कुळातला हा एवढाच वंश गोड्या पाण्यात आला, तोही थेट घाटमाथ्यावर. ब्रिटिश निसर्गअभ्यासक ब्लॅनफर्ड यांनी १८६९ मध्ये या वंशाला नाव दिले, आणि यातल्या एका जातीच्या शास्त्रीय नावात तर सह्याद्रीच आहे. पुढे २०१३ मध्ये कर्नाटकातील घाटांतून आणखी सहा जाती नोंदल्या गेल्या. अन्यत्र जगात हा वंश कुठेही नाही.

तळ्यात आणि भातखाचरात आढळणाऱ्या पायला गोगलगायीला कल्ले आणि फुप्फुस दोन्ही असतात. पाणी आटले की ती शंखाचे झाकण लावून चिखलात पडून राहते आणि देशाच्या बऱ्याच भागांत तग धरते. कड्यावरची गोगलगाय मात्र कोरड्या महिन्यांत कातळाच्या भेगांत शिरते, म्हणजे ती भेग आणि तो पाझर हेच तिचे घर. माझ्या नेहमीच्या वाटेवरील एका धबधब्याशेजारी पायऱ्या आणि कट्टा बांधताना पाझर नळात घेतला गेला. जिथे दर श्रावणात मी हे शंख पाहत असे, तिथला कातळ आता भर पावसातही कोरडा असतो.

दरडींपासून माणसांचे जीव वाचवणे आवश्यकच आहे, त्याला माझा मुळीच विरोध नाही. परंतु कड्यावर सिमेंट फवारण्याआधीची पाहणी एप्रिल-मेमध्ये झाली, तर पाहणाऱ्याला रिकामा दगडच दिसणार. म्हणून ती जुलै-ऑगस्टमध्ये, गोगलगायींच्या जाणकारांना सोबत घेऊन करावी आणि जिथे त्या आढळतील तिथला पाझर वळवू नये, अशी संबंधित खात्यांना आपल्या दैनिकामार्फत कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे