जो नियम ३०३ ला, तोच २०४ ला : सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

दि. ११ ऑगस्ट २०२४

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
डोंबिवली (पूर्व)

विषय : सदनिका क्र. २०४ मध्ये चालणाऱ्या ब्यूटी पार्लरबाबत चौथा लेखी अर्ज

महोदय,
स. न. वि. वि.

याआधी १७ जानेवारी २०२३, ९ जून २०२३ आणि ४ मार्च २०२४ ला मी, सदनिका क्र. ३०३ ची सभासद, याच विषयावर अर्ज दिले आहेत. तिन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही नाही. तोंडी उत्तर तेवढं मिळालं, तेही लिफ्टमध्ये : "करू द्या हो वहिनी, त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे." साहेब, पोट मलाही आहे. ते पुढे सांगतेच. आधी गेल्या मंगळवारचं सांगते, कारण ते घडलं नसतं तर मी अजूनही गप्पच बसले असते.

६ तारखेला श्रावणातली पहिली मंगळागौर होती. आदल्या दिवशी २०४ मध्ये रात्री दहापर्यंत बायकांची ये-जा चालू होती. मंगळवारी सकाळी कचरा नेणाऱ्या मावशींनी दुसऱ्या मजल्यावरची ओल्या कचऱ्याची पिशवी उचलली आणि आतलं अर्धं ब्लेड त्यांच्या बोटात घुसलं. माझ्याकडे ऑर्डरच्या पुरणाचं काम चाललं होतं. ओरडणं ऐकून तशीच खाली धावले. फाटलेल्या पिशवीत मेणाच्या पट्ट्या, कापूस, केसांचे पुंजके आणि ब्लेडचे आणखी दोन तुकडे होते. मावशी बोटाला पदर गुंडाळून मलाच समजावत होत्या, "काय नाय ताई, हळद लावते." मी बोट साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुतलं आणि त्यांना कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, कावीळ बीच्या लशीचा पहिला डोस दिला, रक्त तपासायला सांगितलं आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासा म्हणाले. त्यांनी विचारलं, "ब्लेड कुणावर वापरलेलं होतं?" याचं उत्तर मी काय देणार? त्या दिवशी तिथे किती बायका येऊन गेल्या हेच कुणाला ठाऊक नाही. कावीळ बी, कावीळ सी, एचआयव्ही हे सगळं रक्तातून पसरतं, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. दवाखान्याचे पैसे मी दिले आणि ते मला परत नकोत. पण आज सहावा दिवस, समितीतल्या एकाही माणसानं मावशींची चौकशी केलेली नाही.

आता माझं. २०१९ मध्ये यजमानांची कंपनी बंद पडली आणि मी पोळी-भाजीचे डबे सुरू केले, दिवाळीला फराळ, सणावाराला पुरणपोळ्या. सप्टेंबर २०२१ च्या वार्षिक सभेत दोन सभासदांनी फोडणीच्या वासाचा आणि डबे न्यायला येणाऱ्या मुलांचा विषय काढला. ४ ऑक्टोबरला तुमचं पत्र माझ्या हातात. आठ दिवसांत कागदपत्रं सादर करा, नाहीतर धंदा बंद करा. मी वाद घातला नाही. तेव्हा वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असलेल्याला अन्नसुरक्षेची साधी नोंदणी लागायची, वर्षाला १०० रुपये फी होती. मी तीन वर्षांची एकदम भरली. चौदा आकडी नंबर आला, प्रमाणपत्र फ्रेम करून स्वयंपाकघराच्या दाराशी लावलं. येणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. बिलावर नंबर छापते. हाताखालच्या दोघी बायका नखं कापून, डोक्याला टोपी घालूनच ओट्याशी उभ्या राहतात. दरवर्षी आम्हा तिघींची डॉक्टरकडून तपासणी होते. घरगुती लाल सिलिंडरवर धंदा करता येत नाही हे तुमच्याच पत्रात होतं, म्हणून १९ किलोचा निळा घेतला, महाग पडत असूनही. गुमास्ताचंही, म्हणजे दुकान-आस्थापनेच्या नोंदणीचंही, केलं. २०१७ च्या कायद्याप्रमाणे तेव्हा दहापेक्षा कमी माणसं असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची होती, ती दिली.

एवढं करूनही नोव्हेंबर २०२१ पासून मला "लिफ्टचा जादा वापर" म्हणून महिना ३०० रुपये लागले. सोसायटीच्या नियमावलीतल्या कोणत्या उपविधीखाली, ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. या महिन्यापर्यंत ३४ महिने झाले, १०,२०० रुपये. एकदाही उशीर केलेला नाही, पावत्या बघा.

२०४ मधलं पार्लर २०२२ च्या दिवाळीच्या आधी सुरू झालं. त्यांना पत्र गेलं का? नाही. जादा पैसे? शून्य. शनिवारी बायका तिथे येतात-जातात त्या काय जिन्यानं? त्या ताई सेक्रेटरीसाहेबांच्या नात्यातल्या आहेत असं सोसायटीत बोललं जातं. मी स्वतः तसं कधी म्हटलेलं नाही. पण दोन वर्षं कागद मागितला जात नाही, तेव्हा लोक बोलणारच.

मला त्या ताईंचा राग नाही. हात चांगला आहे त्यांचा, माझ्या भाचीच्या साखरपुड्याला वेणी त्यांनीच घातली होती. तेव्हा मी शेजारी बसले होते म्हणून डोळ्यांनी पाहिलं ते लिहिते. भुवया करताना दोऱ्याचं एक टोक त्यांच्या दातांत होतं. एकीचं झालं की रीळ तेच, दोरा पुढे ओढायचा आणि दुसरी बसवायची. टॉवेल एकच, तो खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला. मेणाच्या डब्यात तीच चपटी पट्टी पुन्हा पुन्हा बुडवत होत्या, अंगाला लावून परत डब्यात. माझ्या स्वयंपाकघरात मी चाखलेला चमचा पातेल्यात परत घातला तर माझी बाईच मला थांबवेल. भाचीच्या कपाळावर दोन दिवसांनी पुळ्या आल्या. त्या कशानं आल्या ते मी ठरवत नाही.

आणखी एक. तिथे घरी केलेला फेसपॅक आणि केसांचं तेल विकायला ठेवलेलं असतं, साध्या प्लास्टिकच्या डब्यांत. नाव नाही, तारीख नाही, आत काय आहे ते नाही. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं असेल तर २०२० च्या नियमांप्रमाणे त्याला परवाना लागतो, आणि तो देतं राज्याचं अन्न व औषध प्रशासन. म्हणजे माझे लाडू आणि त्यांचा फेसपॅक, दोन्ही बघणारं खातं एकच. माझ्या लाडवांचा कागद तुम्ही आठ दिवसांत मागितलात.

पाण्याचं तुम्हाला माहीतच आहे, तरी लिहून ठेवते. डोकी धुवायचं बेसिन त्यांनी गॅलरीत बसवलंय आणि त्याचा पाइप पावसाच्या पाइपला जोडलाय. गेल्या वर्षी ६ जूनला पहिल्याच जोराच्या सरीत खालचा चेंबर तुंबला. प्लंबरनं कोपरापर्यंत हात घालून केसांचा जो गुंता बाहेर काढला, तो पाहायला तुम्ही स्वतः खाली होतात. नारळाच्या शेंडीएवढा होता आणि त्यात मेणाच्या पट्ट्या अडकलेल्या होत्या. खर्च सोसायटीच्या खात्यातून, म्हणजे सगळ्यांच्या खिशातून गेला. १०४ मधल्या काकांच्या दारात त्या दिवशी घोट्याएवढं पाणी होतं.

उपविधी क्र. ५० सांगतो की इतर सभासदांना उपद्रव, त्रास किंवा गैरसोय होईल असं काही कुणी आपल्या सदनिकेत करू नये, आणि समितीला त्यावर स्वतःहूनही पावलं उचलता येतात. कुणी म्हणेल की हा उपविधी ३०३ लाही लागतो. त्यावर माझं म्हणणं एवढंच की खमंग फोडणीचा वास घराघरांतून येतो. कचऱ्याच्या पिशवीतलं ब्लेड घराघरांतून येत नाही.

हे माझं एकटीचं मत नाही. १०४ मधले काका, २०३ मधल्या आजी, ३०१ चे दोघे नवरा-बायको, सगळे मला हेच बोलून दाखवतात. ब विंगमधल्या चौघींनी तर मला फोन करून सांगितलं की वहिनी, तुम्ही लिहा. सह्या मागितल्या तेव्हा मात्र "आम्ही तिथेच जातो हो, उगाच वाईटपणा कशाला" असं झालं. म्हणून या पत्रावर सही माझी एकटीची आहे. ज्यांना खात्री करायची त्यांनी या घरांच्या बेल वाजवाव्यात.

पार्लर बंद करा असं मी म्हणत नाही, कधीच म्हटलेलं नाही. ४ ऑक्टोबर २०२१ चं मला दिलेलं पत्र काढा, सदनिका क्रमांक आणि तारीख बदला, अन्नाच्या जागी पार्लर लिहा आणि तेच २०४ ला द्या, त्याच आठ दिवसांच्या मुदतीचं. गुमास्ताची सूचना दिली आहे का, महापालिकेच्या परवाना विभागाकडून काय घेतलं आहे, विकायच्या फेसपॅकचा परवाना कुठे आहे, हे त्यांनी कागदावर दाखवावं. बेसिनचा पाइप पावसाच्या पाइपवरून काढावा आणि तो खर्च त्यांचा त्यांनी करावा. ब्लेड जाड झाकणाच्या डब्यात वेगळी ठेवावीत, वर्तमानपत्रात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाकलेली चालणार नाहीत. मावशींच्या पुढच्या रक्ततपासणीचा आणि लशीच्या राहिलेल्या डोसांचा खर्च २०४ नं करावा, त्यांनी नाही केला तर सोसायटीनं. आणि लिफ्टचे ३०० रुपये एकतर दोघींना लावा, नाहीतर माझे १०,२०० परत करा. बिलातून वळते केलेत तरी चालेल.

उपविधी १७३ प्रमाणे समितीनं तक्रारीवर येत्या बैठकीत निर्णय घेऊन १५ दिवसांत तो लेखी कळवायचा असतो. माझ्या आधीच्या तिन्ही अर्जांच्या वेळी हे झालेलं नाही. या वेळीही झालं नाही तर पुढचा अर्ज मी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात देईन. त्या दिवशी माझ्यावर रागावू नका, ही विनंती. बावीस वर्षं आपण एका जिन्यावर राहतो. तुमच्या मुलीच्या लग्नात रुखवताचे लाडू माझ्या हातचे होते, आणि त्या वेळी कुणी नोंदणी मागितली नव्हती.

माझं अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र येत्या ऑक्टोबरमध्ये संपतं आहे. नूतनीकरणाचा अर्ज मी जुलैमध्येच भरला. त्याची पावती, चालू प्रमाणपत्राची झेरॉक्स, आम्हा तिघींचे या वर्षीचे डॉक्टरांचे दाखले आणि मावशींच्या दवाखान्याचा कागद सोबत जोडला आहे.

आपली विश्वासू,
सभासद, सदनिका क्र. ३०३

प्रत : मा. सेक्रेटरी, मा. खजिनदार. एक प्रत सूचना फलकावर लावावी. फलकाची चावी वॉचमनकडे असते, मी मागितली होती, अध्यक्षांना विचारून देतो म्हणाला.