मोजे, शिंकी आणि नीता वहिनी

प्रिय सुनंदे,

सलाम. इतके दिवस पत्र नाही, फोन नाही म्हणून शिव्या घालशील, घाल. आईची शुगर ठीक, माझा गुडघा तसाच, ह्यांची तब्येत उत्तम म्हणजे जेवण आणि तक्रारी दोन्ही वेळेवर. आता मुद्द्याचं ऐक. इथे कोणाला सांगितलं तर 'एवढं काय त्यात' म्हणतील, आणि दादा-नीता वहिनीचं लग्न तूच जुळवलं होतंस त्यामुळे तुला ऐकून घ्यावंच लागेल.

माळ्यावरून नाताळची पेटी काढली. चांदणी शाबूत आहे, गोठ्यातल्या मेंढराचा पाय पुन्हा निघालाय (तेच मेंढरू, तुझ्या सॅमने पाडलेलं, तू अजून मान्य करत नाहीस). आणि खाली ते मोजे. दादाने दुबईहून आणलेले, लाल मखमल, वर पांढरी लोकर, प्रत्येकावर सोनेरी दोऱ्याने नाव. सगळ्यात वर नीता वहिनीचा, आणि ती तर आता दादापासून वेगळी राहते.

आता सांग, तो लावायचा की नाही? लावला तर दादा येणार आणि दारातच त्याचा चेहरा पडणार. नाही लावला तर रिंकू बघणार, त्यांची चौदा वर्षांची पोर, तिला काय कळत नाही का. भिंतीला खिळेसुद्धा मोजून मारलेत, एक मोकळा राहिला की आल्यागेल्याचं लक्ष तिथेच जाणार. हे म्हणाले, धुवायला टाकलाय म्हण. डिसेंबरभर वाळत नाही का, तर म्हणे नाशिकची थंडी आहे, नाही वाळत. असला सल्ला मिळतो मला घरात.

म्हणून ठरवलं, ह्या वर्षी मोजे कोणाचेच नाहीत. दुसरं काहीतरी लावू ज्यावर नावच नसेल. दादाला फोनवर सांगितलं तर लगेच, "अगं परंपरा आहे आपली!" परंपरा! मॉलमधून आणलेली परंपरा! आपल्या लहानपणी शरणपूरला कोणाच्या घरी मोजे टांगलेले आठवतात तुला? कागदाची चांदणी, गोठा, कॅरोल पार्टी आली की चहा आणि करंज्या, झालं. आपण तर मोजे शाळेतसुद्धा धड घालत नव्हतो.

आणि मोज्यांची गोष्ट तरी काय, संडे स्कूलमध्ये आपणच शिकवायचो ती. मायराचा बिशप निकोलस, चौथ्या शतकातला, आता ते गाव तुर्कस्तानात येतं. एका गरीब बापाच्या तीन पोरी, हुंड्याला पैसे नाहीत, हा रात्री गुपचूप खिडकीतून सोनं टाकतो आणि ते म्हणे वाळत घातलेल्या मोज्यात पडतं. म्हणजे मुळात तो मोजा वाळत होता, सजावटीला नव्हता लावलेला! हॉलंडमधली पोरं तर 5 डिसेंबरच्या सुमाराला बूट ठेवतात, त्यात घोड्यासाठी गाजर. स्पेनमध्येही बूटच, पण 5 जानेवारीच्या रात्री, तीन राजांसाठी. इटलीत 6 जानेवारीला म्हातारी येते मोजे भरायला. चिमणीपाशी मोजे टांगल्याचं 1823 मध्ये अमेरिकेत छापलेल्या एका कवितेत आलं आणि तिथून जगभर झालं. आपल्याकडे चिमणी कुठली, एक्झॉस्ट फॅन आहे. हे सगळं दादाला ऐकवलं, तो म्हणाला तू लहानपणापासून अशीच आहेस. म्हणजे मी जिंकले.

पण लावायचं काय हा प्रश्न राहिलाच. आधी वाटलं द्राक्षाची खोकी. ह्यांच्या पिंपळगावच्या मित्राकडे पॅकिंगची कोरी मिळतात, रंगवून एकावर एक रचली की छान कप्पे होतात. दोन रचून बघितली, हॉल गोडाऊन दिसायला लागला. मग येवल्याच्या पैठणीच्या तुकड्यांचे बटवे. शिंप्याने जो भाव सांगितला त्यात भेटवस्तूच आल्या असत्या, आणि बटव्यात मावतं काय, दोन चॉकलेटं आणि एक कानातलं. बुरडाकडच्या परड्या मला फार आवडल्या, खरंच सुंदर दिसतात, पण टांगल्या की कलंडतात.

शेवटी आई म्हणाली, शिंकी करा. मला तर सुचलंच नसतं गं. आईने पलंगावर बसून दाखवलं. वर एक कडी, त्यात सुतळीच्या आठ दोऱ्या. वितभर खाली दोन-दोन दोऱ्या जोडून गाठ, की झाल्या चार गाठी. मग प्रत्येक जोडीतली एक दोरी शेजारच्या जोडीतल्या दोरीशी बांधायची, म्हणजे जाळी पडते, आणि तळाला सगळ्या एकत्र बांधून खाली गोंडा. नारळ ठेवून बघितला, हललं नाही. आणि खरी गंमत पुढे. मोज्यात फराळ घालता यायचा नाही, तुपाचे डाग पडायचे, म्हणून दरवर्षी नुसती चॉकलेटं. शिंक्यात सरळ स्टीलचा छोटा डबा बसतो! करंज्या, शंकरपाळे, वर कागदात गुंडाळलेलं काय असेल ते. भिंतीच्या खिळ्यांना हातच नाही लावायचा, पडद्याच्या दांडीला ओळीने अडकवायची, मध्ये लाल लोकरीच्या फिती. दोन फितींच्या वर लावायच्या नाहीत असं माझं मत आहे, ह्यांना लाइटिंग पण पाहिजे.

रविवारी रिंकूला बोलवलं गाठी मारायला. पोरीचा हात आईवर गेलाय, नीता वहिनीवर म्हणतेय मी, भरभर चालतो. नावं नाहीत म्हणून तिला आवडलंच, म्हणाली आत्या, ज्याला जे आवडेल ते त्याने घ्यायचं. मी मनात म्हटलं सुटले. आणि संध्याकाळी मोजते तर एक जास्त. "हे कोणाचं गं?" तर सुतळीचे तुकडे गोळा करत म्हणाली, "असू दे ना, कोणी आलं तर."

सुनंदे, मला काही बोलताच येईना. आई तर देवघरातल्यासारखी गप्प.

आता पुन्हा तिथेच आले ना मी! दादाने मोजली तर? तो मोजणारच, त्याने तर केकचे तुकडेसुद्धा मोजलेत. आणि तू म्हणशील पहिल्यापासून सांगत होते तो हट्टी आहे, तर नाही, तू सांगत होतीस तो फार समजूतदार आहे, माझ्याकडे तुझं पत्र आहे.

तुझं काय चाललंय? सॅमला नोकरी लागली का? जाऊबाईंच्या प्लॉटचं मिटलं का? नगरला पाणी येतंय ना रोज? सगळं सविस्तर लिही, मी पण पुढच्या वेळी नीट विचारीन.

दादा 24 ला रात्री येतोय. रिंकूला वहिनी खाली गेटपाशी सोडून जाते, वर येत नाही. त्या दिवशी वर ये, चहा घे, एवढंच सांगायचंय तिला, जेवणाचं नाही, दादाशी बोल वगैरे तर नाहीच. मी फोन केला तर नणंदेचा फोन होतो, तू केलास तर मैत्रिणीचा. करशील? आणि दादाला आधी सांगायचं की नाही तेही ठरव, तुझ्यावर सोडते. शनिवारच्या आत कळव, पण दुपारी दोननंतर, त्याआधी आई फोनवर सिरीयल बघत असते आणि कोणाचा कॉल आला की कट करते.

तुझीच,
शालिनी