पाकिटावरचा आकडा म्हणजे साल नव्हे

मा. संपादक, स.न.

तुमच्या रविवार पुरवणीत जुनी खेळणी जमवण्यावरचा लेख वाचला, त्यात मॉडेल रॉकेट, म्हणजे सुट्या भागांचं किट आणून घरी जोडायचं आणि खरंच उडवायचं छोटं रॉकेट, आलेलं बघून खूप आनंद झाला, कारण याच्यावर मराठीत फारसं कोणी लिहितच नाही. पण पाकिटावरचा आकडा बघा की रॉकेट कोणत्या सालचं ते कळतं, असं त्यात म्हटलंय ते चूक आहे, आणि नवीन माणूस नेमका तिथेच फसतो, म्हणून लिहितोय.

मी कोलोरॅडोत राहतो. इथल्या पेनरोझ गावात मॉडेल रॉकेट बनवणारी एस्टीस कंपनी १९६१ मध्ये आली आणि अजून तिथेच आहे. त्यांचं बिग बर्था हे रॉकेट साठच्या दशकापासून विकलं जातंय. आधी त्याचा नंबर होता के-२३, मग झाला १२२३ आणि आता आहे १९४८. हा १९४८ नुसता कॅटलॉग नंबर आहे हो! लेखातला नियम लावला तर ते स्वातंत्र्यानंतर वर्षभरातलं ठरेल, आणि मॉडेल रॉकेटची सुरुवातच मुळी १९५४ ची, नेब्रास्कातल्या नॉरफोकमध्ये चपला-बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाईल यांनी केलेली. कॉपीराइटचं साल असतं तेही डिझाइन पहिल्यांदा छापलं तेव्हाचं, तोच कागद पुढे कितीतरी वर्षं छापत राहतात.

मग साल कसं काढायचं, तर एका खुणेवर कधीच नाही, चार-पाच खुणा जुळवून. पत्त्यात झिप कोड (अमेरिकेतला पिन कोड) असेल तर छपाई १९६३ च्या आधीची नाही, कारण झिप कोड आलेच तेव्हा. डेमन कंपनीचं नाव असेल तर १९६९ च्या आधीचं नाही, कारण डेमनने एस्टीस घेतली त्या वर्षी. नोज कोन (रॉकेटचं टोक) बाल्साचा, म्हणजे अगदी हलक्या लाकडाचा, की प्लास्टिकचा तेही बघावं, जुन्या बिग बर्थाचा बाल्साचा होता, नंतर प्लास्टिकचा आला. फिनची (शेपटीकडच्या पंखाची) कड तपकिरी, भाजल्यासारखी दिसली तर लेझरने कापलेली आहे, म्हणजे माल बराच अलीकडचा. आणि मला सगळ्यात आवडणारी खूण म्हणजे किटच्या कागदावर सुचवलेली इंजिनं, म्हणजे रॉकेट वर नेणाऱ्या, एकदाच जळणाऱ्या दारूच्या नळ्या. आज बी६-४ लिहितात, त्यातला ६ म्हणजे सरासरी ६ न्यूटन थ्रस्ट (रॉकेटला ढकलणारा जोर) आणि ४ म्हणजे तो जोर संपल्यापासून पॅराशूट बाहेर पडेपर्यंतचे सेकंद, पण साठच्या दशकातल्या कागदांवर बी.८-४ असं सापडतं, मध्ये टिंब, कारण तेव्हा थ्रस्ट पाउंडात मोजायचे, ०.८ पाउंड. ते टिंब दिसलं की समजायचं, कागद मेट्रिकच्या आधीचा आहे.

पण कागद जुना म्हणून आतला माल जुना असं नाही, जुन्या पाकिटात नंतरचे पार्ट घातलेले असू शकतात, आणि जुन्या प्लॅनवरून आज बनवलेले क्लोनही भरपूर आहेत. क्लोन बनवण्यात काहीच वाईट नाही, मात्र विकताना तसं सांगायलाच हवं. आणि खात्री नसेल तर लेबलवर ‘अंदाजे’ लिहावं, त्यात कमीपणा कसला?

तुमच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी अमेरिकेतल्या काका-मामांनी आणलेलं जुनं किट असेल तर रॉकेट पुसून-रंगवून नवं करू नका, आणि पाकिटावरचं कार्ड, माहितीचा कागद, कॅटलॉग यातलं काहीच रद्दीत घालू नका, साल त्याच्यावरूनच निघतं. आत जुनी इंजिनं निघाली तर ती अजिबात पेटवू नका. त्यात बंदुकीची काळी दारू असते, वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन ती नळीपासून सुटते किंवा तिला तडे जातात आणि पेटवल्यावर इंजिन फुटू शकतं. पोस्टाने कुणाला पाठवूही नका.

पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोलोरॅडो